पहिली-दुसरीच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न: वाचन, गणित, मैत्री आणि बाकी सगळं

मी खानदेशातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, दोन शिक्षकी शाळा आहे आमची, कापसाची गावं आजूबाजूला. दरवर्षी जून ते एप्रिल तेच तेच प्रश्न येतात, गेटवर, किराणा दुकानात, रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर. उत्तरं एकेकाला देताना कधी घाई होते, कधी अर्धंच सांगून होतं, म्हणून निवांत बसून सगळं लिहून काढलंय. शहरातल्या पालकांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, पोरं सगळीकडे सहा वर्षांचीच असतात.

मॅडम, मुलगा साडेपाचचाच आहे पण हुशार आहे, घालू का पहिलीत?

नका घालू. सहा पूर्ण होऊ द्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे अंगणवाडी-बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून एक सलग तुकडा, त्यामुळे सहा महिने थांबलं तर काही मागे पडत नाही. हुशार आहे हे खरंच असेल, पण पहिलीत नुसती हुशारी लागत नाही हो, लघवीला जायचंय हे वेळेवर सांगता यावं लागतं, डबा स्वतः उघडता यावा लागतो, वर्गात तीस पोरं असतील तर आपला नंबर येईपर्यंत थांबता यावं लागतं. आणि त्या वयात मनगटाची हाडं अजून पक्की झालेली नसतात, मग दोन ओळी लिहून हात दुखतो आणि घरचे म्हणतात आळशी आहे. वयाने सगळ्यात लहान मूल वर्षभर बाकीच्यांच्या मागे धावत राहतं, ते मला बघवत नाही.

जूनपासून रोज सकाळी रडतेय, काय करू?

पहिले दोन-तीन आठवडे रडणं अगदी साहजिक आहे. पळून जाऊ नका, म्हणजे तिची नजर चुकवून सटकू नका, "मी दुपारी खिचडी झाल्यावर येते" असं सांगून जा आणि त्याच वेळेला या, कारण तिला घड्याळ कळत नाही पण खिचडी कळते. दारात उभं राहून खिडकीतून डोकावणंही बंद करा, तुम्ही दिसला की थांबलेलं रडू परत सुरू होतं. श्रावणापर्यंत बहुतेक जण रमतात. पोळ्यानंतरही रोज पोट दुखतंय, रात्री दचकून उठतेय असं असेल तर मात्र मला येऊन सांगा, मग शाळेत कोणी त्रास देतंय का, बाथरूमची भीती आहे का, ते मी बघते. बाथरूमची भीती हे कारण मोठ्यांच्या डोक्यातही येत नाही आणि माझ्या अनुभवात ते फार वेळा निघतं.

डिसेंबर आला तरी वाचता येत नाही, शेजारच्याची मुलगी पेपर वाचते!

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा लांब उत्तर.

आधी हे बघा की "वाचता येत नाही" म्हणजे नक्की कुठे अडलंय. वाचन एका दिवसात येत नाही, त्याच्या पायऱ्या असतात. पुस्तक उलटं न धरणं, चित्र बघून गोष्ट सांगणं, हाताने ओळीवरून बोट फिरवत "वाचल्याचं" नाटक करणं, ह्या सुद्धा पायऱ्याच आहेत. माझ्या वर्गात एक पोरगा होता, ऑगस्टमधे त्याला एकही अक्षर ओळखता येत नव्हतं असं त्याच्या आईचं म्हणणं, पण बिस्किटाच्या पुड्यावर बोट ठेवून तो म्हणाला "इथे बिस्किट लिहिलंय". अक्षरं त्याला ओळखू येत नव्हती, पण छापलेल्या खुणांमधे बोललेले शब्द असतात हे त्याला कळलं होतं, आणि हे ज्याला कळलं त्याचं पुढचं सोपं जातं. त्याच पुड्यावरचा "ब" आम्ही मग त्याच्या बहिणीच्या नावात शोधला.

आपल्या लिपीत अजून एक गंमत आहे. पोरगं "क… म… ल…" असं सुटं सुटं म्हणतं आणि पुढे गप्प बसतं, कारण तीन आवाज जोडले की "कमल" होतं हे कानाला कळलेलं नसतं. ही कानाची तयारी आहे, डोळ्यांची नाही, आणि ती पाटीवर गिरवून होत नाही, बोलण्याच्या खेळातून होते. भाकरी थापता थापता विचारा, "म ने सुरू होणारं काय काय आहे आपल्या घरात?" मीठ, मिरची, मोरी, मामा. शब्द तोडून टाळ्या वाजवा, बा-जा-र, तीन टाळ्या. असं महिनाभर खेळा आणि मग बघा.

सरकारी अपेक्षा काय आहे तेही सांगते, म्हणजे उगाच टेन्शन नको. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यात २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरी संपताना समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं असं ठरवलंय. तिसरी! पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचता यावीत एवढीच अपेक्षा आहे. पेपर वाचणाऱ्या शेजारच्या मुलीला वाचलेलं समजतंय का हेही एकदा विचारून बघा, "काय लिहिलंय गं त्यात?" म्हटल्यावर सांगता आलं तर छानच, नाहीतर ती नुसते आवाज काढतेय, तिलाही मदतीची तेवढीच गरज आहे.

वहीत एवढ्या चुका, तुम्ही लाल पेनने गोल का करत नाही?

मुद्दाम नाही करत. एका मुलाने दुसरीत असताना लिहिलेलं वाक्य इथे देते, त्याने लिहिलं तसंच:

आमचि गय वयालि तिल वसरु झल

म्हणजे आमची गाय व्याली, तिला वासरू झालं. लाल पेन काढलं तर सहापैकी एक शब्द सुटत नाही. आता माझ्या नजरेने बघा. शब्दांमधे जागा बरोबर सोडलीय. "व्या" हे जोडाक्षर त्याला अजून शिकवलेलंच नव्हतं, पण कानाने ऐकून त्याने व आणि या असे दोन तुकडे बरोबर पाडले. तिथे काना दिलाय, म्हणजे काना माहितीय, फक्त गाय, तिला, वासरू आणि झालंच्या वेळी घाईत राहिला. वेलांटी सगळीकडे पहिलीच, दुसरी वेलांटी त्याच्या हातात अजून बसलेली नाही. तसं वेलांटीचं प्रकरण अवघडच आहे, पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या डावीकडून आणि बोलताना तिचा आवाज येतो अक्षराच्या नंतर, कितीतरी पोरं इथे अडखळतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्याने परत "गायला" न लिहिता "तिला" लिहिलंय, दोन घटना एकमेकीला जोडल्यात, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

मी खाली एवढंच लिहिलं, "वासराचं नाव काय ठेवलं?" दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "वासरच नाव चांद्या". वासरूचा पहिला काना आला होता, माझ्या वाक्यात बघून बघून. लाल गोल असते तर चांद्या मला कधीच कळला नसता.

मी स्वतः लहानपणी अशी वही बघितलीय, लाल शाईने भरलेली, आणि वर्गासमोर उभं करून ती सगळ्यांना दाखवली होती. त्यानंतर दोन वर्षं मी फक्त फळ्यावरचं उतरवून काढलं, स्वतःच्या मनाने एक ओळ लिहिली नाही. माझ्या वर्गातल्या एकाही पोराचं असं होऊ देणार नाही.

बावन्न सांगितलं की २५ लिहितो. गणितात कच्चा आहे का?

नाही नाही, तो नीट ऐकतोय म्हणूनच असं होतंय. "बावन्न" मधे आधी बा ऐकू येतो, म्हणजे दोन, मग पन्नास. कानाला आधी दोन आले म्हणून हात आधी दोन लिहितो. आणि एकोणसाठ तर अजून अवघड, ऐकू येतात साठ आणि लिहायचे पन्नासच्या घरात. मोठ्यांना सवय झालीय म्हणून जाणवत नाही.

२०१९ मधे बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ह्याच अडचणीसाठी "पन्नास दोन" असं वाचायची पद्धत दिली होती, गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या, आणि केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल, मराठी बुडाली वगैरे. माझं प्रामाणिक मत सांगते, ती पद्धत शिकवायला उपयोगी आहे. मी दोन्ही वापरते, आधी पन्नास आणि दोन, हात बसला की बावन्न. बावन्न सोडायचं नाहीच, बाजारात तर तेच ऐकू येणार.

घरी करायचं असेल तर काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावा. बावन्न म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. नाहीतर सरळ पैसे द्या हातात, दहाच्या पाच नोटा आणि एकेक रुपयाची दोन नाणी, आणि दुकानात पाठवा. हातातून गेलेलं गणित डोक्यात पटकन बसतं, पाढ्यांची घोकंपट्टी नंतर बघू.

गृहपाठ का देत नाही?

दुसरीपर्यंत लेखी गृहपाठ द्यायचाच नाही असं २०२० च्या दप्तर धोरणात आहे, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. दप्तराचं वजनही मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं, वीस किलोच्या पोराला दोन किलो. घरी त्याने खेळावं, झोपावं (९ ते १२ तास झोप लागते ह्या वयात, खरंच लागते) आणि तुमच्याशी गप्पा माराव्यात.

ती वर्गात तोंडच उघडत नाही म्हणे, घरी तर नुसती बडबड!

अशी एक मुलगी होती माझ्याकडे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एक शब्द नाही. हजेरीला मान हलवायची. मी आधी चूक केली, सारखं तिला उभं करून "बोल ना गं" म्हणायचे, सगळा वर्ग तिच्याकडे बघायचा, ती अजून मिटायची. मग सोडून दिलं आणि तिला मधल्या सुट्टीत चिंचोके मोजून वाटायचं काम दिलं, खेळायला प्रत्येकाला दहा. आठवडाभर ती नुसती वाटत राहिली, बोटं दाखवून. एक दिवस एका पोराने दोनदा हात पुढे केला, आणि ती मोठ्याने म्हणाली, "तुले दिनात ना!" अहिराणीत, म्हणजे तुला दिले ना. सगळे तिच्याकडे वळले, मी मुद्दाम मान वर केली नाही, पाटीवर लिहीत राहिले, नाहीतर परत मिटली असती. त्या दिवसापासून ती आधी चिंचोक्यांबद्दल बोलायला लागली, मग हळूहळू सगळ्याबद्दल. आणि वाचनही तिचं त्यानंतरच सुटलं, दिवाळीच्या पुढे, हा योगायोग नव्हता असं मला वाटतं. ज्या वर्गात चुकीचं बोलायची भीती नाही तिथेच मूल चुकीचं वाचायची हिंमत करतं.

पाहुण्यांसमोर "कविता म्हण, कविता म्हण" करून पोरांना छळू नका, एवढी विनंती.

आम्ही घरी अहिराणी बोलतो, त्यामुळे मराठी कच्चं राहील का? बंद करू का?

अजिबात बंद करू नका! "मनी पेन्सिल तुटी गयी" म्हणणारं मूल पूर्ण वाक्य बोलतंय, कर्ता क्रियापद सगळं जागेवर, विचार पक्का आहे. त्याला "असं नाही, नीट बोल" म्हटलं की ते पुढच्या वेळी गप्पच बसतं. मी म्हणते, "अरे, तुझी पेन्सिल तुटली? दाखव." ऐकून ऐकून तो सहा-आठ महिन्यांत दोन्ही बोलायला लागतो. पावरी, भिलोरी, कोकणी, कातकरी, घरात जी असेल ती भाषा भरपूर बोला, गोष्टी सांगा, कोडी घाला, ज्याच्याकडे घरच्या भाषेचं भांडार मोठं त्याला दुसरी भाषा लवकर येते. इंग्लिश मिडियमबद्दलही हेच, घरात इंग्लिश बोलणारं कोणी नसेल तर पोरगं तीन वर्षं नुसतं पाठ करतं, निर्णय तुमचा पण हे डोळ्यासमोर ठेवून घ्या.

रोज कोणाशी तरी भांडून येतो. मारामारी, कट्टी, पेन्सिल चोरली…

सहा-सात वर्षांत भांडणं होणारच. कट्टी सकाळी होते आणि खिचडीपर्यंत गट्टी, मधे मोठे पडले की ती लांबते. पेन्सिल "चोरली" हा शब्द तर वापरूच नका, त्या वयात आवडली म्हणून घेतली आणि चोरली यातला फरक नुकताच कळायला लागलेला असतो, "ही कोणाची? त्याला सापडत नसेल, नेऊन दे" एवढं पुरतं.

भांडण आलं की मी दोघांना समोरासमोर बसवते, एकाने सांगायचं काय झालं, मग दुसऱ्याने आधी त्याचंच म्हणणं परत सांगायचं आणि मग स्वतःचं. पहिल्यांदा अजिबात जमत नाही, दोघं एकदम ओरडतात, पण मार्चपर्यंत पोरं माझ्याशिवाय हे करायला लागतात, मी कितीदा ओट्यावर बसून नुसतं ऐकलंय.

आणि खेळू द्या हो भरपूर. लंगडी, शिवणापाणी, लगोरी. आपल्यावर राज्य आलं की रडून घरी पळणारं पोरगं आणि राज्य घेऊन हसत हसत धावणारं पोरगं, यात जो फरक आहे तो कुठल्याही पुस्तकातून शिकवता येत नाही. घरी तुम्ही मुद्दाम दरवेळी हरत असाल तर तेही थांबवा, कधीकधी त्याला हरवा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. "माझ्या मुलीला अमक्याच्या पोराशेजारी बसवू नका" असं दरवर्षी एखादा पालक येऊन हळूच सांगतो, कारण विचारलं की जात निघते. हे मी ऐकत नाही आणि ऐकणार नाही. माझ्या वर्गात दर सोमवारी जागा बदलतात आणि खिचडीला एकच पंगत बसते, वाढायची पाळी सगळ्यांची येते. पोरांना यात काहीच वावगं वाटत नाही. त्यांना ते कोणी घरून शिकवतं तेव्हाच वाटतं.

दिवाळीनंतर कापूस वेचायला न्यावं लागतं, आठ-पंधरा दिवस चालेल ना?

तुमची अडचण मला कळते, मजूर मिळत नाहीत आणि लहान पोर घरी कोणाकडे ठेवणार. पण वर्षाचे शाळेचे दिवस २०० च्या आसपास, त्यातले पंधरा गेले की पोरगं अक्षरांच्या ऐन मधे तुटतं, आणि त्याची बसायची जोडीही तोवर दुसऱ्याशी जमलेली असते. त्यामुळे आधी मला सांगा. शेजारी, आजी, मोठी ताई, काहीतरी सोय आपण मिळून बघू, आधी निघालीय सोय. अगदीच न्यावं लागलं तर दोन गोष्टीची पुस्तकं देते सोबत. पालघरकडच्या कोसबाडला, आदिवासी पोरांसाठी बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली होती, जिथे पोरं तिथे शाळा. आपण निदान बांधावर पुस्तक तरी नेऊ.

आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, अभ्यास कसा घेणार?

अभ्यास घ्यायचाच नाही, तो मी घेते. तुम्ही रोज एक प्रश्न विचारा, पण "आज काय शिकवलं" हा नको, त्याला "काही नाही" हेच उत्तर येतं. विचारा "आज कोणाशेजारी बसला होतास?" किंवा "आज कोण रडलं?" मग बघा कशी गोष्ट निघते. वाचून दाखवायला त्यालाच सांगा, तुम्हाला येत नाही म्हटल्यावर तर तो अजून मनापासून वाचेल. गावात माता पालक गट आहे, त्यात या, तिथे न शिकलेल्या आयाच जास्त असतात आणि त्यांच्याकडे गाणी-उखाण्यांचा साठा माझ्यापेक्षा मोठा आहे.

मोबाईल?

जेवताना आणि झोपायच्या आधी नाही. तुम्हीही नाही.

वर्गात कितवा नंबर आहे?

नंबर काढत नाही. गेल्या महिन्यात काय येत नव्हतं आणि आता काय येतंय ते मी वहीतून दाखवते.

खरंच काळजी कधी करायची?

फळ्याकडे डोळे बारीक करून बघत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, टीव्ही मोठा लावत असेल तर आधी डोळे-कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, तपासणी फुकट असते. "ढ" म्हणून मागे बसवलेल्या एका पोराला चष्मा लागला आणि तीन आठवड्यांत तो फळ्यावरचं वाचायला लागला, हे मी डोळ्याने बघितलंय. दुसरी संपत आली, शाळेत नियमित येतोय, डोळे-कान चांगले आहेत आणि तरी दोन अक्षरं जोडता येत नाहीत, किंवा वर्षभरात एकही मित्र नाही, तर लपवू नका, आपण तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना दाखवू. लवकर दाखवलं की बरंच काही करता येतं. मारू नका आणि मारा असं मला सांगूही नका, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहे, आणि कायदा नसता तरी मी मारलं नसतं.

तुम्हाला भेटायचं असेल तर कधी येऊ?

शनिवारी शाळा सुटल्यावर मी अर्धा तास थांबते. मुलाला सोबत आणलंत तर चालेल, पण त्याच्यासमोर त्याच्याबद्दल "हा काही करत नाही" असं बोलायचं नाही, त्याला मैदानात खेळू द्या, आपण आत बोलू. येताना घरचे मोकळे डबे, झाकणं, चिंचोके, जुन्या लग्नपत्रिका असतील तर आणा, दुसरीला पत्रिकेवरची नावं वाचायला फार आवडतात.